दहा वाजता न चढलेला पारा

भीती काय असते ते मला कुणी शिकवायला नको होतं. पडद्यामागे उभं राहून तिसरी घंटा ऐकणाऱ्या नटाच्या पोटात काय होतं, ते मी चाळीस वर्षं अनुभवलं आहे. पण आमच्या भीतीला एक सोय असते. पडदा वर जातो, पहिलं वाक्य तोंडातून निघतं आणि ती विंगेत पळून जाते. माझ्या भाऊजींच्या भीतीला तिसरी घंटाच नव्हती. ती रोज सकाळी सात वाजता त्यांच्याबरोबर उठायची, त्यांच्याबरोबर जेवायची आणि रात्री उशाशी बसून राहायची.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बंदराच्या वर एक टेकाड होतं, त्यावर हवामान खात्याची छोटी कचेरी. पुढे दोन खोल्या यंत्रांना, मागे दोन खोल्या माणसांना. यंत्रांच्या खोल्या जास्त हवेशीर होत्या, यावरून ताई त्यांना आयुष्यभर टोमणे मारत आली. गावात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. सगळे ‘पारेवाले’ म्हणत. अंगाने किडकिडीत, सदऱ्याचं वरचं बटणही लावलेलं, आणि स्वच्छ उन्हातसुद्धा काखेत छत्री. बोलणं इतकं हळू की समोरच्याने दोनदा ‘काय?’ विचारल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे.

त्या वर्षी मी त्यांच्याकडे महिनाभर राहायला गेलो, कारण माझा आवाज गेला होता. चौथ्या अंकात ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि आतून नुसती वाफ आली. डॉक्टरांनी महिनाभर मौन सांगितलं. ताई म्हणाली, ‘आमच्याकडे ये. माझ्या घरात असंही कुणी बोलत नाही.’

नटाला मौन म्हणजे माशाला वाळू. बोलता येत नाही, तर निदान पाहावं म्हणून मी दिवसभर भाऊजींच्या मागे मागे असे. सात, दहा, एक, चार या वेळा ठरलेल्या. वेळ झाली की ते आतल्या खोलीत जात. तिथे भिंतीवर लाकडी पेटीत पाऱ्याची लांब नळी होती. नखाने काचेवर अगदी हलकी टिचकी मारायची, डोळा पाऱ्याच्या पातळीला आणायचा, श्वास रोखायचा, आकडा वाचायचा, नोंदवहीत लिहायचा, आणि खाली बंदरमास्तरांना टेलिफोन करायचा. शेजारच्या टेबलावर दुसरं यंत्र होतं: घड्याळासारखं सावकाश फिरणारं पितळी पिंप, त्याला गुंडाळलेला आठवड्याचा कागद, आणि कागदाला टेकलेलं जांभळ्या शाईचं टोक. हवेचा दाब वाढला की टोक वर, उतरला की खाली.

तिसऱ्या दिवशी मी तो कागद नीट पाहिला आणि मला हसू आलं. रोजची रेघ सारखीच! सकाळी दहाला एक टेकडी, दुपारी चारला दरी, रात्री दहाला पुन्हा टेकडी, पहाटे चारला पुन्हा दरी. मी पाटीवर लिहून विचारलं, ‘हे यंत्र बिघडलंय का? रोज दोन मदारींचा उंट काढतंय.’

भाऊजी हसले नाहीत. म्हणाले, ‘यंत्र नाही, हवा. समुद्राला भरती येते तशी हवेलाही येते. दिवसातून दोनदा. आपण तिच्या तळाशी राहतो, म्हणून आपल्याला दिसत नाही.’

मला वाटलं, चंद्राचं काहीतरी असेल. तर म्हणाले, चंद्राचा हात यात नावापुरता. ही भरती सूर्याची, आणि तीही ओढीची नाही, उबेची. सूर्य रोज हवा तापवतो. खालची वाफ तापते, खूप वर ओझोनचा थर आहे तो तापतो. तापलेली हवा फुगते, त्या फुगण्याची लाट उठते आणि सूर्याच्या मागोमाग पृथ्वीला फेरी मारते. मी पाटीवर लिहिलं, ‘सूर्य येतो एकदा, मग टेकड्या दोन का?’ ते खूश झाले. म्हणाले, ढोलावर थाप कशीही मारली तरी घुमतो तो ढोल आपल्याच सुरात ना? दिवसभराच्या तापण्यात बारा तासांचा एक ठोका लपलेला असतो. हवेला तो सूर जास्त मानवतो, त्यात ती घुमते.

एवढ्यावर थांबले असते तर मी सुखाने झोपलो असतो. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना असा श्रोता मिळाला होता, ज्याला मध्ये बोलता येत नव्हतं.

ते म्हणाले, ‘इथे खाली ही लाट केवढीशी? हजारात दोन-तीन भाग. कानाला कळत नाही, मेणबत्ती हलत नाही. पण ही लाट वर जाते. आणि जसजशी वर जाते तसतशी हवा विरळ होते. ताकद तीच, ती वाहून न्यायला हवा मात्र कमी. मग जी उरली आहे ती हवा जास्त जोरात हलते. आसूड पाहिलास ना? मुठीपाशी जाड, टोकाला नुसता दोरा. मूठ वीतभर हलते आणि टोक कडाडतं.’

मग बोट छताकडे करून त्यांनी सांगितलं की ऐंशी-शंभर किलोमीटरवर ही लाट एवढी मोठी होते की तिला स्वतःचाच तोल सांभाळवत नाही. किनाऱ्यावरच्या लाटेसारखी ती तिथे फुटते. खालून नेलेली सगळी ताकद सांडून टाकते. तिथली हवा तापते, ढकलली जाते, वाहायला लागते. रोज. अगदी आजसुद्धा, आभाळ असं निळं असताना.

मी लिहिलं, ‘आवाज येत असेल ना?’

‘ऐकायला तिथे कोण आहे?’ ते म्हणाले.

त्या दिवसापासून मला निळं आभाळ बघवेना. डोक्यावर रोज काहीतरी प्रचंड फुटतंय आणि खाली बायका कपडे वाळत घालताहेत, हे मनातून जाईना. ताईला सांगितलं, अर्थात लिहून. ती म्हणाली, ‘तुझे भाऊजी घरातल्या बायकोला कधी घाबरले नाहीत, शंभर किलोमीटर वरच्या हवेला घाबरतात. आता तूही त्यांच्या पंगतीला बस.’

पण भाऊजींची खरी भीती ती वरची लाट नव्हती. ती तर त्यांची जिवाभावाची होती, कारण ती कधी चुकत नसे. भीती होती ती त्या लाटेच्या आडून येणाऱ्याची. वादळ येतं तेव्हा हवेचा दाब उतरतो. पण दुपारी तो रोजच उतरतो. तो उतार भरतीचा की वादळाचा? आदल्या वर्षी त्यांनी दुपारी एकला रोजच्यापेक्षा थोडा जास्त उतार पाहिला आणि डोलकाठीवर काळा गोळा चढवला. वेताचा विणलेला, काळा रंगवलेला, माणसाच्या छातीएवढा गोळा. तो वर दिसला की बंदर बंद. त्या दिवशी झुळूकसुद्धा आली नाही. दोन दिवस होड्या किनाऱ्याला, आणि आभाळ धुतल्यासारखं. तेव्हापासून बाजारात कुणीतरी हळूच म्हणायचं, ‘काय हो पारेवाले, आज हवेला सर्दी-पडसं?’ आणि पुढचा खो खो हसत छत्री उघडायचा. बंदरमास्तर, मिशीवर फार जीव असलेले गृहस्थ, त्यांनी तर लेखी नियमच धाडला: तीन तासांत पारा तीनने पडला तरच गोळा. नाहीतर नाही.

तेव्हापासून भाऊजी दोन्हीकडून घाबरत. वादळ येईल आणि मला दिसणार नाही, ही एक भीती. मी ओरडेन आणि ते येणार नाही, ही दुसरी. दोन्हींच्या मध्ये पाऱ्याची नळी, आणि नळीसमोर हा श्वास रोखलेला माणूस.

एकदा नोंद करता करता ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, ‘पडणारा पारा ओरडतो. न चढणारा पारा गप्प बसतो. गप्प बसणाऱ्याला भ्यावं.’ मला वाक्य फार आवडलं. काय तोल, काय शेवट! मी ते तिथल्या तिथे पाठ केलं. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड: वाक्य पाठ होतं, अर्थ पाठ होत नाही.

आता ताईचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. ती परिचारिका होती. आठवड्यातून दोनदा साडेदहाच्या लाँचने पलीकडच्या बेटावर जायची. पाच तासांचा प्रवास, सगळा उघड्या समुद्रावरून. निघताना खांद्याला औषधांची पिशवी लावून ती यंत्रांच्या खोलीच्या दारात उभी राहायची आणि विचारायची, ‘काय म्हणतोय पारा?’ आतून एक शब्द यायचा. ‘जा.’ किंवा ‘थांब.’ लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि त्या शब्दाशिवाय तिने कधी लाँचवर पाय ठेवला नव्हता. एरवी नवऱ्याचं एक ऐकायची नाही. हा एक शब्द मात्र मान खाली घालून ऐकायची.

माझ्या मुक्कामाच्या चौथ्या आठवड्यात भाऊजींना ताप चढला. रात्रभर दात वाजत होते. सकाळी उठायला गेले ते भिंतीला टेकले. ताईने दटावून झोपवलं आणि मला म्हणाली, ‘तू तीन आठवडे बघतोयस ना? तूच वाच.’ माझा आवाज थोडा परत आला होता. कुजबुज येत होती. नटाला नवी भूमिका मिळाली! मी भाऊजींसारखं वरचं बटण लावलं, नखाने टिचकी मारली, श्वास रोखला. सात वाजता पारा एक हजार सहा मिलिबार. सुबक अक्षरात लिहिलं.

दहा वाजता पुन्हा टिचकी. एक हजार सहा. केसभरही हललेला नाही. पिंपावरच्या कागदाकडे पाहिलं, तर शाईची रेघ सातपासून सरळ, पट्टी लावून ओढल्यासारखी. काय शांत सकाळ, मला वाटलं. आज उंटसुद्धा बसलाय. नोंदवहीत लिहिलं: स्थिर. बंदरमास्तरांना टेलिफोनवर कुजबुजलो: ‘स्थिर.’ ते म्हणाले, ‘वा, तुमच्या मेहुण्यांनी हा शब्द आधीच शिकला असता तर!’

दारात ताई उभी होती. पिशवी खांद्याला, केसांवर रुमाल. आतल्या खोलीकडे एक नजर टाकून, झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून हळूच तिने मला विचारलं, ‘काय म्हणतोय पारा?’

मी भाऊजींच्या सुरात, भाऊजींची मान वाकडी करून, कुजबुजलो, ‘जा.’

ती हसली. ‘हुबेहूब,’ म्हणाली, आणि उताराला लागली.

साडेदहाला खालून लाँचचा भोंगा वाजला. मी भाऊजींना औषध द्यायला आत गेलो. ते जागे होते. अंग थोडं निवलं होतं. शाबासकीच्या अपेक्षेने मी सांगितलं की दोन्ही नोंदी बिनचूक केल्यात, काळजी नको, पारा सातलाही सहा, दहालाही सहा, हललासुद्धा नाही.

हातातला पेला त्यांनी खाली ठेवला. अगदी सावकाश.

‘काल दहाला किती होता?’

मी नोंदवही आणली. त्यांच्याच अक्षरात: सातला एक हजार आठ. दहाला एक हजार दहा.

‘परवा?’

परवाही दहा.

‘ती गेली?’

मी मान हलवली.

त्यांनी पाय जमिनीवर टेकले. म्हणाले, ‘अरे, दहाला तो रोज चढतो. भरती कधी चुकत नाही, आजही आली आहे. वर जाऊन फुटणारी लाट आजही फुटणार आहे. पारा चढला नाही, याचा अर्थ भरती आली नाही असा नाही. भरती आली, आणि खालचा हवेचा समुद्रच खचलाय.’

तेव्हा ते पाठ केलेलं वाक्य माझ्या डोक्यात पहिल्यांदा बोललं. न चढणारा पारा गप्प बसतो. मी त्या गप्प बसण्याला शांती समजलो होतो, आणि त्या शांतीच्या भरवशावर माझ्या बहिणीला ‘जा’ म्हणालो होतो.

सगळं आता एका गोष्टीवर होतं. लाँच धक्क्यावरून निघाली की खाडीच्या तोंडाशी लाल तरंगता बोया लागायचा. तिथपर्यंत पंधरा मिनिटं. प्रत्येक सारंग, म्हणजे लाँच हाकणारा, त्या बोयापाशी एकदा मागे वळून आमच्या टेकाडावरच्या डोलकाठीकडे पाहायचा. ही त्यांची जुनी रीत होती. नियम नव्हता, कुणी लिहून दिलेली नव्हती. बोया ओलांडला की मग कुणी मागे बघत नसे. घड्याळात दहा चाळीस झाले होते.

भाऊजींनी टेलिफोन उचलला. पलीकडून मिशीवाल्या आवाजाचा प्रश्न मलाही ऐकू आला, ‘किती पडला?’

‘शून्य,’ भाऊजी म्हणाले.

‘शून्य? मग गोळा कशाचा?’

‘चढायला हवा होता. चढला नाही.’

‘अहो पारेवाले, ताप आहे तुम्हाला. झोपा. तुमच्याच माणसाने आत्ता स्थिर सांगितलंय. मोठ्या कचेरीकडूनही काही नाही. न चढल्याचे गोळे चढवायला लागलो तर...’

भाऊजींनी टेलिफोन खाली ठेवला. समोरचा बोलत असताना. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचं वाक्य मध्ये तोडलं नव्हतं, त्याने. मग भिंतीला धरत धरत ते बाहेर अंगणात आले.

काळा गोळा वर्षभर कोपऱ्यात पडून होता. त्याच्यात चिमणीने घरटं केलेलं. मी त्याला दोरी बांधली आणि ओढायला लागलो. अर्ध्यावर कप्पी अडकली. वर्षभर कुणी तेल घातलं नव्हतं. कुणाला लाजेने घालावंसंच वाटलं नसेल. गोळा कचेरीच्या छपराशी लोंबकळत राहिला. खालून दिसणं शक्य नव्हतं. खाडीत लाँच छोटी होत चालली होती, आणि लाल बोया तिच्या पुढ्यात. मला ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलं, तर तीच वाफ. आणि आवाज असता तरी काय? तिथवर कोणत्या नटाचा आवाज पोहोचतो?

भाऊजी दोरीला लोंबले होते, पण त्यांच्या अंगात होतं काय? तेव्हा मला आमचा पडदा ओढणारा म्हातारा आठवला. पडदा अडकला की तो कधी जोर करायचा नाही. आधी ढील द्यायचा. भरल्या प्रेक्षागृहासमोरही आधी ढील. मी भाऊजींच्या हातातून दोरी सोडवली, हातभर ढील दिली. गोळा खाली आला. भाऊजींच्या तोंडून नुसता श्वास निघाला. आणि मग एक हिसका. कप्पी किंचाळली आणि फिरली. गोळा सरसर वर गेला आणि टोकाला जाऊन डोलायला लागला.

लाँच बोयापाशी होती. आम्ही दोघे पाहत राहिलो. ती बोयाच्या बरोबरीला आली. बोया मागे पडला. आणखी थोडं पाणी मध्ये आलं. भाऊजी पुटपुटत होते ते मला वाटलं देवाचं नाव असेल; जवळ गेलो तर ते आकडे होते. सहा, सहा, दहा, दहा. आणि मग लाँच, कुणीतरी नाइलाजाने मान वळवावी तशी, हळूहळू वळली.

तुम्हाला वाटेल, इथे पडदा. नाही. खरी भीती पुढेच होती.

ताई टेकाड चढून आली ती संतापाने लाल. बेटावर कुणी तिची वाट पाहत होतं. आभाळ निळं, समुद्र तेलासारखा गुळगुळीत. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, ‘तू जा म्हणालास ना?’ मी उत्तर देण्याआधी भाऊजी म्हणाले, ‘मी म्हणालो होतो. माझं चुकलं.’ ती पिशवी न उतरवता पायरीवर बसली.

बारा वाजले. काही नाही. खाली धक्क्यावर माणसं जमली होती. कुणीतरी छत्री उघडली आणि हशा टेकाडापर्यंत आला. एक वाजता बंदरमास्तर स्वतः वर आले, नियमाचा कागद घेऊन. भाऊजींनी त्यांच्यासमोर पारा वाचला. एक हजार तीन. मास्तर म्हणाले, ‘नियमातले तीन भरले खरे, पण तुम्हीच सांगता ना, दुपारी तो रोज उतरतो? ही तुमची लाडकी ओहोटी.’ भाऊजी हलक्या आवाजात म्हणाले की रोज या वेळेला एकच उतरतो, आज तीन उतरलाय. मास्तरांनी दोनदा ‘काय?’ विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. खुर्ची ओढून बसले.

त्यानंतरचा दीड तास मी जन्मात विसरणार नाही. चौघं एका खोलीत, आणि मध्ये ते जांभळं टोक. खाली सरकताना ते दिसत नव्हतं. दर वेळी पाहावं तेव्हा खाली गेलेलं असायचं. मी मनात काय मागत होतो ते सांगायची लाज वाटते. वादळ यावं असं मागत होतो. नाहीतर हा माणूस संपला. आणि ते येऊ नये असंही मागत होतो, कारण मी पहाटे गेलेल्या होड्या पाहिल्या होत्या.

अडीचला क्षितिजाला तांब्याचा रंग चढला. वारा पूर्ण पडला. कुत्री एकदम गप्प झाली. मग बोया दिसेनासा झाला, मग धक्का, मग आमचं अंगणच. छपराची एक बाजू उचलली गेली. काळा गोळा कधी तुटून गेला कळलंही नाही. ताई आणि मी मिळून खिडकी पाठीने दाबून धरली होती, मास्तर दार धरून उभे होते, आणि भाऊजी, अंगात ताप, डोक्यावर पाणी गळतंय, पाऱ्याच्या नळीसमोर. चार वाजता त्यांनी टिचकी मारली. एवढ्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार होती? तरी मारली. म्हणाले, ‘नऊशे शहाण्णव. रोजची ओहोटी आणि हे, दोन्ही एकावर एक. आता यापेक्षा खाली जाऊ नये.’ जाणार नाही, असं नाही म्हणाले. जाऊ नये, म्हणाले.

संध्याकाळी टोक वर वळलं. लाँच त्या दिवशी बोयापुढे गेली असती तर अडीचला भर समुद्रात असती. गोळा चढल्यावर निघणार होत्या त्या सगळ्या होड्या किनाऱ्याला बांधलेल्या होत्या. आधीच समुद्रावर असलेल्याही एक एक करून आल्या. एक आली नाही. तिच्यात दोघे भाऊ होते.

ती होडी माझ्या दहाच्या नोंदीच्या कितीतरी आधी गेली होती, असं भाऊजी मला पुढे अनेक वर्षं सांगत राहिले. मी न विचारता सांगायचे. ती किती वाजता सुटली, हे धक्क्यावर जाऊन विचारायचं धाडस मी कधी केलं नाही.

नोंदवहीतला माझा ‘स्थिर’ त्यांनी खोडला नाही. खाली आपल्या अक्षरात लिहिलं, ‘काल याच वेळेपेक्षा चारने कमी,’ आणि दोन्ही ओळींपुढे स्वतःची सही केली. बंदरमास्तरांनी नियम बदलून घेतला: पारा तीन तासांपूर्वीच्या आकड्याशी नाही, कालच्या याच वेळेच्या आकड्याशी ताडून पाहायचा. छत्री उघडणारे पुढे भाऊजींना वाटेत नमस्कार करायला लागले. त्याने त्यांची भीती काही कमी झाली नाही. उलट आता लोक विश्वास ठेवतात, ही तिसरी भीती जडली.

ताई त्यांच्या आधी गेली. निवृत्तीनंतर भाऊजी माझ्याकडे राहायला आले, आणि त्यांच्याबरोबर काटेवाला छोटा दाबमापक आला, तो मी त्यांच्या शेजारच्या खोलीत टांगला. शेवटच्या आजारपणात त्यांना उठता येईना. एका सकाळी, दहाच्या सुमाराला, त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारलं. ताईचे शब्द, ताईचा सूर. ‘काय म्हणतोय पारा?’

मी आत गेलो. टिचकी मारली. काटा दहाला चढायचा तसा चढला होता. कालचा आकडा पाहिला, परवाचा पाहिला, सगळं जिथल्या तिथे. उत्तर एकच होतं: ‘जा.’ परत येऊन पलंगापाशी उभा राहिलो. चाळीस वर्षं ज्याने नाट्यगृह दणाणून सोडलं, त्या माझ्या गळ्यातून तो शब्द निघेना. एकदा निघाला होता.

‘थांबा, भाऊजी,’ मी म्हणालो.

ते माझ्याकडे पाहून हसले. मला आठवतंय तसं, पहिल्यांदाच मोठ्याने.

‘चुकीचं वाचलंस,’ म्हणाले. ‘घाबरतोस तू.’

चार दिवसांनी, दुपारी चारला, काटा रोजच्यासारखा खाली असताना ते गेले. आता मी ऐंशीच्या घरात आहे. रोज सकाळी दहाला तो काटा पाहतो, कालचा आकडा ताडतो. रोज तो चढलेला असतो. तरी खोलीत शिरताना पाय जड होतात, आणि वर आभाळ जितकं निळं, तितके जास्तच.